दारू सोडायची आहे, पण जायचे कुठे?



धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या विनंत्यांपैकी एक विनंती नेहमी दार लोटून घेतल्यावरच केली जाते. ‘फादर, आमच्या ह्यांना जरा समजावा ना. तुमचं ऐकतील.’ कधी पत्नी येते, कधी आई, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. बोलून झाल्यावर त्या हमखास सांगतात, ‘मी येऊन गेले हे घरी कळू देऊ नका.’ क्वचित तो माणूस स्वतः येतो, तेव्हा त्याची मागणी ठरलेली असते : ‘फादर, बायबलवर हात ठेवून शपथ घाला. आता पुरे झालं.’

मी शपथ घालत नाही. त्यामुळे काही जण नाराज होऊन परत गेले आहेत. म्हणून त्याचे कारण एकदा येथे मांडतो, आणि शपथेऐवजी मी जो पत्ता देतो त्याविषयीही लिहितो. हा लेख मुख्यतः त्या पत्त्यासाठीच आहे.

शपथ का नको?

शपथेमागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दारू वाईट आहे हे माणसाला नीट कळलेले नाही किंवा त्याचा निश्चय कमी पडतो. देवाचे भय घातले की निश्चय पक्का होईल. पण पिणाऱ्या माणसाला विचारून पाहा. दारूने काय होते हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. बायकोची बांगडी कोणत्या पेढीवर गहाण आहे हे घरात फक्त त्यालाच माहीत असते.

कळते पण वळत नाही. आपण हे सहज बोलून जातो, पण तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर फार डोके खाजवले आहे. सॉक्रेटिसचे म्हणणे असे की, चांगले काय ते ज्याला खरोखर कळले तो वाईट करणारच नाही. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही. आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या भागात त्याने उदाहरण घेतले ते झोपलेल्या, वेडाच्या भरात असलेल्या आणि प्यायलेल्या माणसाचे. अशा माणसाकडे ज्ञान असते, पण ते त्या क्षणी त्याच्या हाताशी नसते. गंमत अशी की, त्याच ग्रंथात आधी, तिसऱ्या भागात, तो नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्यांचा दाखला देतो, कारण मुळात न पिणे त्या माणसाच्या हाती होते. सेमिनरीत असताना आम्ही यावर वाद घालत असू. आज मला वाटते, दोन्ही खरे आहे. माणूस जबाबदार असतो. पण व्यसन जडल्यावर तो पहिला पेला बाजूला सारणे एकट्याच्या हातात उरत नाही.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय घरी उघडून वाचा. जे चांगले करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच होते, अशी कबुली तिथे एक प्रेषित देतो. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (क्र. १७३५) स्पष्ट म्हटले आहे की, अज्ञान, भीती, बळजबरी, जडलेली सवय यांमुळे माणसाच्या कृत्याचा दोष कमी होऊ शकतो. ‘व्यसन हा आजार आहे असे म्हणून तुम्ही पापाला पळवाट देता,’ असे मला एका ज्येष्ठ सभासदाने ऐकवले. त्यांनी हा परिच्छेद वाचावा. आजार आहे म्हटल्याने जबाबदारी संपत नाही, ती बदलते. मधुमेह झाला हा गुन्हा नव्हे. पण मधुमेह आहे हे कळल्यावर डॉक्टरकडे जाणे ही त्या माणसाची जबाबदारी आहे.

आता शपथेचे काय होते ते पाहा. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी शपथ मोडते. आधी मनावर दारूचे ओझे होते, आता त्यावर देवाशी खोटे बोलल्याचे ओझे चढते, आणि ते हलके करण्याचा एकच उपाय त्याला माहीत असतो. शपथ मोडलेला माणूस मग रविवारी मिस्साला येत नाही, पापनिवेदनाला तर नाहीच नाही. फादर समोरून दिसले की तो गल्ली बदलतो.

कुणी म्हणेल, मॅट टॅल्बटने शपथच घेतली होती ना? घेतली होती. डब्लिनचा हा साधा मजूर पोरवयापासून पीत होता. १८८४ साली, २८ वर्षांचा असताना, त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली आणि ७ जून १९२५ रोजी मिस्साला जाताना रस्त्यात कोसळून मरेपर्यंत दारूला शिवला नाही. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले. पण त्याचीही पहिली शपथ केवळ तीन महिन्यांची होती. आयुष्यभराची नंतर आली. आणि तो दररोज पहाटे मिस्साला जात असे, आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या सल्ल्याने चालत असे. एकटा तो कधीच नव्हता. आपण त्याची शपथ लक्षात ठेवतो आणि बाकीचे विसरतो.

आधी डॉक्टर

मुद्द्याकडे येण्यापूर्वी एक सूचना. ही कृपया गांभीर्याने घ्यावी.

जो माणूस रोज, सकाळपासून, भरपूर पितो त्याने एका झटक्यात दारू बंद केली तर त्याच्या जिवाला धोका असतो. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. वेळेवर उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून प्रार्थनेसाठी बोलावणे येते. मी येईन, प्रार्थनाही करीन, पण ती रुग्णालयाकडे जाणाऱ्या रिक्षात. अशा माणसाला काही दिवस दाखल करून, औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन सुरक्षितपणे दारूतून बाहेर काढता येते. कोणत्याही सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे याची माहिती मिळते.

दुसरे असे की, नवऱ्याच्या डाळीत त्याच्या नकळत ‘दारू सोडवणारी गोळी’ मिसळू नका. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते घेऊन वर दारू प्यायली तर छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर त्याचा उपयोग आहे. लपवून दिले तर जिवाशी खेळ आहे. जाहिरातीतल्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पण दवाखान्यातून माणूस घरी येतो तेव्हा शरीर स्वच्छ झालेले असते, आणि नाका, मित्र, संध्याकाळचे सात, सगळे जिथल्या तिथे असते. खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

हॉटेलातील टेलिफोन

मे १९३५. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामासाठी तिथे आलेला बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता. सौदा फिसकटला होता, खिशात फारसे पैसे नव्हते. दारूने त्याचे आयुष्य धुळीस मिळवले होते आणि ती सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. दिवाणखान्याच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरातील चर्चेसची यादी लावलेली होती.

त्याला एक गोष्ट उमगली होती. गेल्या काही महिन्यांत त्याने अनेक दारुड्यांना सुधारण्याचा प्रयत्न केला होता. त्यांतील एकही सुधारला नव्हता, पण त्या खटाटोपात तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. म्हणजे आपल्याला आत्ता गरज आहे ती दुसऱ्या एका दारुड्याची. त्याने यादीतील एका धर्मगुरूला फोन लावला. ते वॉल्टर टंक्स नावाचे एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू होते. त्यांनी या अनोळखी माणसाला काही नावे दिली, आणि एकाकडून दुसऱ्याकडे असे करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्यांच्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. हे शल्यविशारद, आणि पक्के दारुडे. ‘पंधरा मिनिटांवर थांबणार नाही,’ असे बजावून आलेले डॉक्टर सहा तासांनी उठले. आजवर त्यांना उपदेश करणारे खूप भेटले होते. आपलीच गोष्ट सांगणारा माणूस पहिल्यांदा भेटला होता. मध्ये एकदा ते घसरले. पण त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे एए, या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या गोष्टीत मला भावतात ते टंक्स. त्यांनी फार काही केले नाही. प्रवचन दिले नाही, शपथ घातली नाही. पत्ता दिला.

पुढचा भाग आपल्या कॅथोलिक घराचा आहे. त्या काळी रुग्णालये दारुड्यांना दाखल करून घेत नसत. डॉ. बॉब ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात दाखले पाहणाऱ्या सिस्टर इग्नेशिया यांच्याकडे गेले. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सिस्टरांनी एका दारुड्याला पोटाच्या विकाराचे निदान लिहून दाखल करून घेतले. त्याला भेटायला येणाऱ्यांशी एकांतात बोलता यावे म्हणून रुग्णांची फुले लावून ठेवण्याच्या खोलीत त्याची खाट हलवली. पुढे त्या रुग्णालयात हजारो जण बरे झाले. घरी जाताना सिस्टर प्रत्येकाच्या हाती येशूच्या पवित्र हृदयाचे एक छोटे पदक देत आणि सांगत : पुन्हा पिण्याची वेळ आली तर आधी हे मला परत आणून द्या.

१९४० साली एड डाउलिंग नावाचे येशूसंघीय फादर पावसाळी रात्री न्यूयॉर्कला बिल विल्सन यांना भेटायला गेले. एएच्या बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना यांत त्यांना कमालीचे साम्य दिसले होते. विल्सन कॅथोलिक नव्हते आणि पुढेही झाले नाहीत, पण ही मैत्री फादरांच्या मृत्यूपर्यंत टिकली. बारा पायऱ्यांत ‘आपल्या समजुतीप्रमाणे ईश्वर’ असा उल्लेख येतो म्हणून काहींना शंका येते की, ही कुठली वेगळी उपासना तर नाही? तशी ती नाही. एए हा धर्म नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, देव न मानणारा, सगळे एका बाकावर बसतात. आपण हतबल आहोत हे मान्य करणे, आत्मपरीक्षण, आपले दोष दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखवणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे : आपल्या पापनिवेदनाच्या साक्रामेंताची तयारी यापेक्षा फार वेगळी नसते. एक मात्र सांगतो. मीटिंग हे पापनिवेदन नव्हे आणि पापनिवेदन ही मीटिंग नव्हे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले. आपल्या परिसरात याच वाटेवर इतरही काम झाले आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केले आणि बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली मुक्तांगण उभे केले. ही राहून उपचार घेण्याची ठिकाणे आहेत. एएची मीटिंग ही घरी राहून, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षे चालण्याची गोष्ट आहे. बहुतेकांना दोन्ही लागतात.

याचा उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेन या संस्थेसाठी संशोधकांनी २७ अभ्यासांतील १०,५०० हून अधिक लोकांची माहिती तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरले. सगळेच बरे होतात असे नाही. पण फुकट मिळणाऱ्या औषधाचा हा गुण कमी म्हणता येणार नाही.

मीटिंग कशी शोधायची?

एएची भारताची वेबसाइट आहे, तीवर शहरांप्रमाणे फोन क्रमांक आणि मीटिंगची ठिकाणे मिळतात. मोबाइल हाताळता येत नसेल तर मुलाला सांगा, किंवा मला सांगा. शासनाची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे. मन फारच खचले असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते.

यादीतील पत्त्यावर थेट जाऊन धडकू नका. मीटिंगची जागा बदलते, शाळेला सुटी असली की वर्ग बंद असतो. मोठ्या धीराने निघालेला माणूस कुलूप पाहून परतला की पुन्हा निघत नाही. वाटेत बार उघडाच असतो. म्हणून आधी फोन करून विचारा : आज मीटिंग आहे ना? मराठीत असते की हिंदीत, इंग्रजीत? खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. आणि हेही विचारा की, स्टेशनवर कुणी भेटेल का? बहुतेक वेळा भेटते. आपण एखाद्याला त्रास देतो आहोत असे मानू नका. नव्या माणसाला आणायला जाणारा त्या दिवशी स्वतः पीत नाही. ॲक्रनच्या टेलिफोनचे गुपित तेच होते.

फोन शक्यतो त्या माणसानेच करावा. बायकोने नवऱ्याच्या वतीने केलेल्या फोनला तिथले लोक आदराने उत्तर देतील, पण शेवटी विचारतील, ‘त्यांची स्वतःची इच्छा आहे का?’ एएच्या सभासदत्वाला फी नाही, अर्ज नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच एक अट आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील (५:१-९) बेथेस्दा तळ्याकाठी पडून असलेला माणूस आठवा. येशू त्याला आधी बरे करत नाही. बरे व्हायची इच्छा आहे का, असे विचारतो. त्या माणसाचे उत्तर तर आजच्यासारखेच आहे : मला तळ्यात सोडायला कुणी माणूसच नाही. तो ३८ वर्षे आजारी होता. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत म्हटले आहे की, दारूच्या आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. हा आकडा योगायोगाने तोच आहे, पण वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

‘गावातलं कुणी बघेल’ ही भीती मोठी असते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही; आपल्या आळीत कुणाकडे कोण आले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. उपाय सोपा आहे. लोकल पकडा आणि बोरिवलीला जा, अंधेरीला जा, वांद्र्याला जा. पुष्कळ जण आपल्या गावापासून लांबची मीटिंग धरतात. आणि ओळखीचे कुणी तिथे भेटलेच, तर तोही त्याच कारणासाठी आला आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाइलवरूनही मीटिंग भरतात. रात्रपाळीवाल्यांना, आजारी माणसांना, जहाजावर नोकरीला असलेल्यांना त्या सोयीच्या आहेत. पण जवळ जाता येत असेल तर प्रत्यक्ष जावे. पडद्यावर चहाचा कप हातात देता येत नाही.

आत काय होते? बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चची एखादी खोली. लहान मुलांचे बाक, भिंतीवर बारा पायऱ्यांचा फलक, कोपऱ्यात चहा. कुणी हजेरी घेत नाही, आडनाव विचारत नाही, आधार कार्ड मागत नाही. एक जण सूत्रे सांभाळतो. क्षणभर शांतता, थोडे वाचन, मग एकेक जण उभा राहून आपले पहिले नाव आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे सांगतो व स्वतःची गोष्ट बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचे नसेल तर नुसते बसा. शेवटी एक पिशवी फिरते. नव्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. तासा-दीड तासात सगळे संपते. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे, हा शिरस्ता आहे.

एखादी मीटिंग आवडणार नाही. कुणीतरी फार लांबण लावील, कुणाची भाषा शिवराळ असेल. एका मिस्सात प्रवचन कंटाळवाणे झाले म्हणून आपण धर्म सोडत नाही (निदान मी तशी आशा करतो). निदान सहा मीटिंग करून पाहा, वेगवेगळ्या ठिकाणी. जुने सभासद तर नव्याला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायला सांगतात. आणि आयुष्यभराचा विचार करू नका. आजचा दिवस पुरे. पुन्हा घसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तिथे तुम्हाला पाहून कुणाला धक्का बसणार नाही.

हे सगळे पुरुषांना उद्देशून लिहिले गेले, कारण कार्यालयात त्यांच्याच तक्रारी येतात. पण आपल्या बहिणींपैकीही काही जणी पितात, दुपारी, स्वयंपाकघरात, खोकल्याच्या औषधाच्या नावाखाली. पुरुष प्यायला तर गाव हसते, बाई प्यायली तर गाव तिला घरातून काढायला निघते. म्हणून त्या सगळ्यांत उशिरा मदतीला येतात. फक्त स्त्रियांच्या मीटिंगही असतात. फोनवर तसे विचारावे.

घरच्यांसाठी

बिल विल्सन यांची पत्नी लोइस हिने १९५१ साली मैत्रिणीच्या साथीने अल-अ‍ॅनॉन सुरू केले. ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग. नवरा मीटिंगला जावो न जावो, बायकोने जावे. तिथे पहिल्यांदा कळते की, त्याची दारू आपल्यामुळे लागलेली नाही आणि आपण बाटल्या ओतून ती सुटणारही नाही. ‘ह्यांना ताप आहे’ असा कंपनीत फोन करणे, गुत्त्यावरची उधारी फेडणे, मुलांना खोटे सांगायला शिकवणे, हे प्रेमापोटीच होते. पण त्याने दारूचा रस्ता गुळगुळीत होतो. मुलांसाठीही असा वेगळा गट आहे, अलटीन नावाचा.

मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट पाहत बसू नका. ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, मुलांना घेऊन माहेरी जा, कार्यालयात या. मुकाट्याने मार खाणे म्हणजे क्रूस वाहणे, असे कुणी सांगितले असेल तर ते चूक आहे.

आपल्या चर्चमध्ये

दोन गोष्टी. पहिली ख्रिस्तप्रसादाची. सणावारी आपण ख्रिस्तप्रसाद दोन्ही रूपांत देतो, भाकर द्राक्षरसात बुडवून. दारू सोडलेल्या माणसाला तो एक थेंबही नको असतो आणि रांगेत उभे राहून हे सांगणे त्याला जड जाते. ख्रिस्त केवळ भाकरीच्या रूपातही संपूर्ण असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्यामुळे यापुढे अशा दिवशी डावीकडची रांग केवळ भाकरीची राहील. तिथे कुणीही उभे राहावे, कारण कुणी विचारणार नाही. धर्मगुरूंनाही हा आजार होतो. त्यांना जवळजवळ न आंबवलेला द्राक्षरस वापरण्याची परवानगी बिशप देऊ शकतात, असे रोमने २००३ च्या पत्रात स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. तळमजल्यावरची धर्मशिक्षणाची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ एएला द्यावी आणि शेजारच्या खोलीत अल-अ‍ॅनॉन भरावे, असा प्रस्ताव मी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला आहे. ‘चर्चच्या आवारात बेवड्यांचा अड्डा होईल,’ असा एक आक्षेप आला. बेवडे आवारात आहेतच. लग्नाच्या मांडवातही असतात, आणि तिथे त्यांचा पेला आपणच भरतो. दुसरा आक्षेप भाड्याचा होता. एए आपला खर्च आपण भागवते, देणग्या घेत नाही. फुकट दिली तरी ते लोक काहीतरी ठेवूनच जातील. माझी स्वतःची एक अट आहे. त्या संध्याकाळी मी किंवा कौन्सिलचे कुणी तिथे फिरकणार नाही, आणि मिस्सानंतरच्या सूचनांत त्या मीटिंगचा उल्लेख होणार नाही.

खोलीला मागच्या गल्लीतून वेगळे दार आहे. त्याच्यावरचा दिवा कित्येक महिने बंद आहे. तो बदलायला सांगितले तेव्हा या वाटेने बरीच वर्षे चाललेल्या एका गृहस्थांनी मला सुचवले, ‘फादर, लावा, पण फार मोठा नको.’ छोटा लावला आहे. कौन्सिलचा निर्णय पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी होईल. तोवर मुंबईतील मीटिंगची यादी मागच्या दाराजवळच्या टेबलावर, लग्नाच्या सूचनांच्या कागदांशेजारी ठेवली आहे. दोन्ही कागद एकदम उचलता येतात.